मास्क वाटून धूळ कमी होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी 21 वर्षं फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओततात त्या कारखान्यात, फेटलिंगला होतो. कास्टिंग, म्हणजे ओतलेली वस्तू, साच्यातून निघालं की त्याला चिकटलेली वाळू काढायची, ग्राइंडर मारून कडा साफ करायच्या, दिवसभर हेच काम. कारखान्यात कुणाचं बोट गेलं, कुणी भाजलं तर पेपरात बातमी येते, पण धुळीनं माणसाची छाती हळूहळू निकामी होते त्याची बातमी कुठं होत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय.

आमच्याकडं धुळीचा विषय निघाला की एकच उत्तर असायचं, मास्क दिलाय ना? दर महिन्याला रजिस्टरवर सही घ्यायची, एक पातळ कापडी मास्क द्यायचा, झालं. पण तो मास्क जी धूळ अडवतो ती दिसणारी, नाकात बसणारी, शिंकेबरोबर बाहेर पडणारी. खरी वाईट धूळ दिसतच नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो आणि फुफ्फुसात पार खोलवर जाणारे कण 10 मायक्रॉनच्याही खालचे, त्यातले बारीक कण हवेत तासन्‌तास तरंगत राहतात.

हे मला कुणी शिकवलं नाही, एकदा नाईटला लाईट गेली तेव्हा कळलं. मशीन बंद पडून पाच-दहा मिनिटं झाली होती, शॉप एकदम शांत, एकानं बॅटरी लावली आणि त्या झोतात हवा नुसती चमकत होती, इतकी की समोरच्याचा चेहरा त्यातून धूसर दिसत होता. आम्ही सगळे मास्क खाली करून घाम पुसत उभे होतो कारण आमच्या मते धूळ केव्हाच बसली होती!

वाळूतलं सिलिका हे खनिज शरीराला विरघळवता येत नाही. फुफ्फुसातल्या पेशी तो कण गिळतात आणि त्यातच मरतात, तिथं सूज येते, व्रण धरतो, कडक होत जातो, यालाच सिलिकोसिस म्हणतात आणि गेलेलं फुफ्फुस परत आणणारं औषध नाही. वर टीबीचा धोका वाढतो तो वेगळाच. 1997 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं सिलिकाची ही धूळ कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. अमेरिकेत 2016 च्या नियमात 8 तासांच्या शिफ्टची मर्यादा एक घनमीटर हवेत 0.05 मिलिग्रॅम ठेवलीय. शिफ्टमध्ये माणूस साधारण 10 घनमीटर हवा ओढतो असं धरतात, म्हणजे दिवसाला अर्धा मिलिग्रॅम, साखरेच्या एका दाण्याएवढं. आम्ही शिफ्ट सुटताना कॉम्प्रेसरची हवा मारून अंगावरचे कपडे झटकायचो, मीही वर्षानुवर्षं केलं, त्या दोन मिनिटांत किती दाणे आत गेले असतील याचा विचार आला की अजून झोप लागत नाही.

खरं काम मास्कच्या आधीचं आहे. धूळ जिथं तयार होते तिथंच ती धरायला पाहिजे, पाणी मारून कापायचं, ओलं करून झाडायचं, ग्राइंडरला चिकटून सक्शन बसवायचं. चिकटून म्हणतोय ते मुद्दाम, कारण सक्शनच्या पाईपच्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतकं लांब गेलं की हवेची ओढ जवळपास दहावा हिस्साच उरते. आमच्याकडं हुड, म्हणजे धूळ ओढून घेणारं झाकण, होता, पण चार फूट वर, आणि वर असल्यामुळं धूळ हुडात जायच्या आधी आमच्या नाकासमोरून जायची. ऑडिटला मात्र फोटोत छान दिसायचा. एन 95 मास्क चांगला असतो हे मान्य, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच, दाढी वाढलेली असली की बाजूनं हवा शिरते. आणि भट्टीजवळच्या उकाड्यात आठ तास तो कोण घालून ठेवील? कामगार निष्काळजी आहेत असं म्हणणाऱ्या साहेबांनी एक शिफ्ट घालून बघावा, रागानं नाही म्हणत, खरंच बघावा.

हे फक्त फाउंड्रीचं नाही. सूतगिरणीत कापसाच्या धुळीनं सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळून येते, पिठाच्या गिरणीत आणि बेकरीत दमा लागतो, लाकडाच्या भुश्शानं नाकाचा कॅन्सर होतो. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या मित्राला दोन वर्षं दम्याचा पंप चालू होता, तीन डॉक्टर झाले, पण तुम्ही काम काय करता हे एकानंही विचारलं नाही. रामाझिनी नावाच्या इटलीतल्या डॉक्टरनं 1700 साली लिहून ठेवलंय की पेशंटला त्याचा धंदा विचारा. सव्वातीनशे वर्षं झाली हो.

माझी मागणी मोठी नाही. कारखान्यात फुंकून घ्यायची ती तपासणी, स्पायरोमेट्री, तिचा कागद दरवेळी कामगाराच्या हातात मिळाला पाहिजे. त्यात एका वर्षाच्या आकड्यावरून फारसं कळत नाही, मागच्या वर्षीपेक्षा फुंक किती कमी झाली ते बघायचं असतं, आणि सिलिकोसिस काम सोडल्यावरही वाढत राहू शकतो. मी दरवर्षी त्या मशीनमध्ये जीव खाऊन फुंकलो, कागद फाईलला लागायचा. आता जिना चढताना मधे थांबावं लागतं, डॉक्टर म्हणतात जुने रिपोर्ट आणा, आणि माझ्याकडं एकही नाही.

आपला,
एक निवृत्त फाउंड्री कामगार