सूचना : फसव्या जाहिरातींच्या ईमेलबाबत

सर्व सभासदांना कळवण्यात येते की,

'तुमचे खाते बंद होणार' अशा विषयाचे ईमेल येतात आणि उघडले की आत निव्वळ जाहिरात निघते. काहींच्या विषयात 'Re:' (उत्तराची खूण) असते, जणू आपणच आधी त्यांना लिहिले होते. ही सरळसरळ दिशाभूल आहे. 'शेवटचे दोन तास' दाखवणारे घड्याळ तर बरेचदा मेल पुन्हा उघडला की नव्याने सुरू होते. त्या घाईत कृपया काहीही खरेदी करू नका.

रागाने उलट उत्तर पाठवू नये, पत्ता चालू असल्याचे त्यांना कळते. कंपनी ओळखीची असल्यास तळाचे 'अनसबस्क्राइब' (मेल येणे बंद करण्याची लिंक) वापरा आणि स्क्रीनशॉट जोडून लेखी तक्रार करा. अनोळखी असल्यास तिथेही क्लिक नको, थेट स्पॅममध्ये टाका. घरातल्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगा. असले विषय वाचून ते उगाच धास्ती घेतात.