राजीनामा दिलाय, पण आधी पूर्ण वाचा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर आई मध्येच रडली असती आणि बाबांनी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला असता. म्हणून लिहितेय. कंपनीत राजीनामा दिला आणि तो मंजूरही झाला. पावसाळ्यात मी गांधीनगरला जातेय. तिथल्या विद्यापीठात एम.एस्सी.च्या मुलांना पेनिट्रेशन टेस्टिंगचं, म्हणजे परवानगी घेऊन कॉम्प्युटरमध्ये शिरून त्यातले कच्चे दुवे शोधण्याचं, प्रॅक्टिकल शिकवणार आहे. करारावर सही झालीय, क्वार्टर मिळालंय. तेव्हा ‘अजून एकदा विचार कर’ हे नको.

पगार कमी आहे, हो. पण पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिला की हप्ता सुटतो. आईच्या गुडघ्यासाठी ठेवलेली एफडी तशीच आहे, तिला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. लांब आहे हेही खरं. शुक्रवारी रात्री बसून सकाळी मिरजेत, हे आता जमणार नाही, ते मलाच जास्त टोचतंय. पण अहमदाबादहून मिरजेला थेट गाड्या आहेत, आणि दिवाळीची सुट्टी कंपनीपेक्षा कितीतरी मोठी.

काकू विचारणारच, ‘हॅकिंग शिकवते म्हणजे चोऱ्या शिकवते का गं?’ आई, तिला सांग, बाबा बँकेच्या शाखेत न सांगता तपासणीला जायचे, तिजोरी उघडायला लावून नोटा मोजायचे, तशातलंच हे. फरक एवढाच की आम्ही आत कसं शिरता येतं ते प्रत्यक्ष शिरून दाखवतो, तेही मालकाच्या लेखी परवानगीने. बाबा, तुम्हाला आवडेल, माझ्या कोर्सच्या पहिल्या आठवड्यात कॉम्प्युटर उघडायचाच नाही. परवानगीचं पत्र लिहायचं. कोणती मशिन्स, कोणत्या तारखा, कशाला हात लावायचा नाही, काही बिघडलं तर रात्री कोणाला उठवायचं, खाली सही कोणाची. त्या सहीशिवाय हेच काम केलं तर आयटी कायद्याचं कलम ६६ लागू शकतं. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विशीतल्या पोरांना हे आधी कळलेलं बरं.

लॅब बाहेरच्या इंटरनेटला जोडलेली नाही, त्यामुळे ती काळजी नको. आत मुद्दाम कच्ची ठेवलेली मशिन्स असतात, त्यातलं एक मेटास्प्लॉइटेबल. त्यात फाइली देण्याघेण्याचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे, व्हीएसएफटीपीडी २.३.४. २०११मध्ये कोणीतरी त्याच्या डाउनलोडच्या फाइलमध्येच चोरदरवाजा घालून ठेवला होता. लॉगिन करताना नावाच्या शेवटी कोलन आणि कंस टाकायचा. आई, तू प्रत्येक मेसेजनंतर पाठवतेस तोच हसरा चेहरा! पासवर्ड काहीही द्या, ६२०० नंबरचं पोर्ट, म्हणजे मशीनमध्ये शिरायचं एक दार, उघडतं आणि सगळं मशीन हातात येतं. मागे पाहुणी म्हणून शिकवायला गेले होते तेव्हा हे दाखवलं, तर पोरं खिदळायला लागली. मग म्हटलं, आता हे बँकेच्या मॅनेजरला कळेल असं पानभर लिहा. सगळा वर्ग गप्प.

तिथेच माझं ठरलं. टूल चालवणारे पुष्कळ आहेत. कंपनीत तरी आम्ही काय करत होतो? कच्चे दुवे आपोआप शोधणारा स्कॅनर प्रोग्रॅम चालवायचा, त्यातून निघालेलं बाड ग्राहकाला पाठवायचं, आणि पुढच्या वर्षी त्याच चुका पुन्हा सापडायच्या, कारण ते बाड कोणी वाचलेलंच नसायचं. माझ्याकडे निम्मे मार्क रिपोर्टला आहेत. मुलं कुरकुरतील, कुरकुरू देत.

बाबा, २०१८च्या ऑगस्टमधली कॉसमॉस बँकेची बातमी तुम्ही कापून ठेवली होतीत. एटीएमला पैसे द्यायचे की नाही हे सांगणाऱ्या बँकेच्या खऱ्या यंत्रणेला, म्हणजे स्विचला, बाजूला सारून खोटा स्विच ‘पैसे द्या’ म्हणत राहिला आणि परदेशातल्या एटीएममधून नोटा निघत राहिल्या. ९४ कोटी गेले. तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, ‘लहान बँकांनी काय करायचं?’ त्यांच्याकडे जाऊन नीट तपासणारी माणसं तयार करायची, एवढंच मला सुचतंय.

जेवणाचं म्हणाल तर मेसच्या डाळीत गूळ असतो, तेवढं सोडलं तर छान. कुकर आणि आईचा जुना मिसळणाचा डबा नेतेय. क्वार्टरला पंखे आहेत, कूलर मी घेईन. बाबा, परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्ही पाढे घ्यायचात, मी मध्येच झोपायचे आणि तुम्ही एकटेच पुढे म्हणत बसायचात. वर्गात मागच्या बाकावर कोणी पेंगायला लागलं की मला तेच आठवतं, आणि रागावता येत नाही.

आता ऐका. बीपीची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून टाळायची नाही, तात्यांच्या वेळेसारखं करू नका. आईने वाळवणं घालायला गच्चीवर चढायचं नाही, शेजारच्या पोराला सांगायचं. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल (फोनवर अॅप बसवणारी) आली तर उघडायची नाही, पत्रिका खरीच मावशीच्या घरची असली तरी. पोलीस बोलतोय, व्हिडिओ कॉल बंद करू नका, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय असं कोणी म्हणालं तर सरळ फोन ठेवा. असली अटक कायद्यात नाही. पैसे गेलेच तर मला विचारत बसू नका, आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० लावा, मग मला.

बाबा, जूनमध्ये सामान न्यायला येईन तेव्हा रागावायचं ते रागावून घ्या. आईला म्हणावं, लोणच्याची बरणी छोटी दे, गाडीत सांडते.

तुमची,
मनू