काकूंच्या दारात तुमची माणसं

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : मी न घेतलेल्या कर्जासाठी माझ्या जुन्या पत्त्यावर वसुलीची माणसं पाठवल्याबद्दल

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी माझं सातवं बोलणं झालं. एक्केचाळीस मिनिटं चाललं, त्यातली निम्मी मी नुसता फोन कानाला धरून होते. यापुढे फोन करणार नाही, म्हणून लेखी देते आहे.

कर्जाचा तपशील तुमच्या दप्तरात आहे, तो उगाळत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कुणीतरी माझा पॅन वापरून तुमच्या ॲपवरून ४८,००० रुपये उचलले. पत्ता दिला माझ्या डोंबिवलीच्या भाड्याच्या घराचा. ते घर मी मे २०२२ मध्ये सोडलं आणि नाशिकला आले. इथला नोंदणीकृत भाडेकरार, आधारवरचा बदललेला पत्ता, सायबर तक्रारीची पोच, सगळं तीनदा मेल केलं आहे. पैसे गेले ते खातं माझं नाही. ओटीपी गेला तो मोबाइल माझा नाही. केवायसीचा फोटो दाखवा म्हणून पहिल्या दिवसापासून मागते आहे, तो तुम्ही दाखवत नाही. पाच मिनिटांत कर्ज देता, मग ते कुणाला दिलं हे बघायला दीड महिना कसा पुरत नाही?

आता आजचं बोलणं. तुमच्याकडे ते ध्वनिमुद्रित आहे, काढून ऐका.

मी कर्ज खात्याचा नंबर सांगितला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवलाय, तो सांगा." मी म्हटलं, तो मोबाइल माझा नाही, माझी तक्रारच ती आहे. "मग मला तुमच्याशी या खात्याबद्दल बोलता येणार नाही. तुम्ही खातेदार नाही." मी म्हटलं, बरोबर, मी खातेदार नाही, एवढंच लिहून द्या. तर म्हणाले, "तसं नाही देता येणार, सिस्टीममध्ये खातेदार म्हणून तुमचंच नाव आहे." म्हणजे पैसे मागायचे तेव्हा मी खातेदार, आणि तक्रार ऐकायची तेव्हा परकी! मी हे दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी तेच वाक्य त्याच सुरात म्हटलं. वरिष्ठांना फोन द्या म्हटलं, तर थांबायला लावलं. बऱ्याच वेळाने एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, आधी रक्कम भरून टाका, फाइल बंद होईल, मग तक्रारीचं बघू. आणि तुम्ही घेतलंच नसेल तर इतकं घाबरता कशाला?"

मी घाबरलेली नाही. माझा संताप झाला आहे. मी बावीस वर्षं शाळेत शिकवते आहे, आजवर कुणाचा एक रुपया ठेवलेला नाही, आणि तुमच्या नोकरीवरची एक बाई मला चोरासारखं विचारते.

पण हे पत्र खरं तर माझ्यासाठी नाहीच. ते माझ्या जुन्या घरमालकीण काकूंसाठी आहे. मी घर सोडल्यापासून त्या स्वतःच तिथे राहतात. वय बहात्तर, एकट्या. १४ जूनला रात्री सव्वाआठला तुमची दोन माणसं त्यांच्या दारात आली. काकूंनी गॅसवर भाताचा कुकर लावलेला होता. एकाने उंबऱ्याच्या आत पाय ठेवला आणि म्हणाला, "आम्ही कोर्टाचे बेलीफ. जप्तीचा हुकूम आहे." दुसरा आत डोकावून वहीत लिहायला लागला : टीव्ही एक, फ्रिज एक. काकूंनी हातातल्या दोन पाटल्या पदराखाली झाकल्या. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज फुटत नव्हता. "अगं, मला वाटलं तू खरंच अडचणीत असशील," म्हणाल्या. जाताना ती दोघं जिन्यात उभं राहून मजलाभर ऐकू जाईल असं ओरडले, बाई पैसे बुडवून पळाली. ज्या बिल्डिंगमध्ये मी सहा वर्षं राहिले, तिथे.

दाराला त्यांनी एक कागद चिकटवला. शेजारच्या मुलाने फोटो पाठवला, तो सोबत जोडला आहे. वर तराजूचं चित्र, खाली लाल अक्षरात 'जप्तीपूर्व अंतिम सूचना'. कोर्टाचं नाव नाही, दरखास्त नंबर, म्हणजे जप्तीसाठी कोर्टात केलेल्या अर्जाचा क्रमांक, नाही, सही नाही, कोर्टाचा शिक्का नाही. तळाला फक्त एक मोबाइल नंबर.

माझे वडील तालुक्याच्या कोर्टात नाझर होते. बेलीफ, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणारे कर्मचारी, त्यांच्या हाताखाली काम करायचे, आमच्या ओट्यावर चहा प्यायचे. बेलीफ येतो तो कोर्टाच्या सही-शिक्क्याचं वॉरंट घेऊन, आणि पंचांसमोर पंचनामा करतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६२ प्रमाणे सूर्यास्तानंतर जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. कलम ६० प्रमाणे स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, नेसते कपडे यांना हात लावता येत नाही. आणि जप्ती होते ती ज्याच्यावर हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निकाल, झाला त्याच्या मालाची, त्याच्या जुन्या घरमालकिणीच्या फ्रिजची नव्हे. माझ्यावर दावाच दाखल नाही, तर हुकूमनामा कुठला? सरकारी नोकर असल्याची बतावणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे. काकूंच्या सहीचा अर्ज पोलीस ठाण्यात दिला आहे.

'ती आमची माणसं नव्हेत, एजन्सीची आहेत' हे उत्तर मला दोनदा मिळालं. ते चालणार नाही. एजंटच्या वागण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्याचीच, हे रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बजावलं आहे. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोनसुद्धा करायचा नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, हेही त्यातच आहे. तुमची माणसं सव्वाआठला दारात होती. त्यांच्याकडे ना ओळखपत्र होतं ना तुमचं अधिकारपत्र. काकूंनी मागितलं, तर "आजी, जास्त शहाणपणा नको" म्हणाले. बहात्तर वर्षांच्या बाईला.

माझी लेखी तक्रार १८ जूनची आहे. उत्तराची तीस दिवसांची मुदत १८ जुलैला संपली. तुमच्याकडून आला तो फक्त आपोआप येणारा तक्रार क्रमांक. माझ्या पत अहवालात (क्रेडिट रिपोर्टमध्ये) हे कर्ज थकीत दिसतंय, आणि त्यामुळे नाशिकच्या घराचं कर्ज बँकेने थांबवून ठेवलं आहे. पत अहवालाची तक्रार तीस दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम तुम्हाला माझ्याआधी माहीत असायला हवा. मला त्या शंभर रुपयांत रस नाही, पण मी ते सोडणारही नाही.

सात दिवसांत मला हे हवं आहे : कर्ज माझं नसल्याचं लेखी पत्र, पत अहवालातली नोंद काढल्याचा पुरावा, केवायसीचा फोटो आणि पैसे गेलेल्या खात्याचा तपशील पोलिसांकडे, आणि त्या दोन माणसांची व त्यांच्या एजन्सीची नावं. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडचा अर्ज भरून तयार आहे. आठव्या दिवशी तो जाईल, आणि ग्राहक आयोगातही मी जाईन. वकील लागणार नाही, कागद लिहायला मी वडिलांकडून शिकले आहे.

आणि काकूंना माफीचं पत्र. कंपनीच्या कागदावर, मराठीत, जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने, रजिस्टर्ड पोस्टाने. माणूस पाठवू नका. संध्याकाळी बेल वाजली की त्या आता दिवा बंद करून आतल्या खोलीत बसतात.

तक्रारदार,
नाशिक