केळशी ते दाभोळ : गाडी कुठे ठेवायची आणि वाट कशी आहे

चिपळूण,
कार्तिक शुद्ध द्वादशी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. केळशी ते दाभोळ किनाऱ्याने पायी जायचे ठरले, याचा मला फार आनंद झाला आहे. गाडी केळशीच्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, सुरूच्या सावलीत चार दिवस उभी करावी, हा तुझा बेत मात्र मनातून काढून टाक.

तीन वर्षांपूर्वी मी नेमके हेच कर्द्याला केले होते. ओहोटीच्या वेळी वाळू इतकी घट्ट होती की चाकाची खूणही उमटत नव्हती, म्हणून मी निर्धास्तपणे गाडी पाण्याच्या बाजूला नेली. दोन तासांनी परतलो तेव्हा मागच्या चाकांभोवती पाणी झिरपू लागले होते आणि जॅक लावावा तर तोच वाळूत रुतत होता. गावातल्या चार जणांनी वाडीतल्या झावळ्या आणून चाकांखाली घातल्या आणि एकाने ट्रॅक्टर आणला, म्हणून गाडी निघाली. तोपर्यंत भरतीचे पाणी दाराच्या उंबऱ्याला लागले होते. त्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही, पण तुझ्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून हे एवढे लिहीत आहे.

माझ्या मते गाडी दापोलीतच ठेवावी. आपली वाट सरळ आहे, फिरून मूळ जागी येणारी नाही. केळशीला गाडी ठेवली तर दाभोळहून तिच्यासाठी पुन्हा उत्तरेला जावे लागेल, आणि दाभोळला ठेवावी तर पलीकडे धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी सुट्टीच्या दिवशी वाहनांची रांग लागते, तिथे बंद गाडी सगळ्यांनाच अडचणीची होईल. दापोलीहून मात्र केळशीलाही एसटी जाते आणि दाभोळहूनही परत येते. शिवाय दापोली डोंगरावर आहे, त्यामुळे खारा वारा तितका लागत नाही. तिथे माझ्या ओळखीच्या एका खानावळवाल्यांच्या अंगणात जागा आहे. त्यांच्याशी मी बोललो आहे, दिवसाचे भाडे मात्र त्यांनी नको म्हटले तरी आपण द्यायचेच. गाडी माडाखाली लावू नकोस, नारळ किंवा झाप काचेवर पडला तर खर्च मोठा. हँडब्रेक ओढून ठेवू नकोस, दमट हवेत तो चार दिवसांत धरून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेव आणि चाकाला दगड लाव. खाण्याची एकही वस्तू आत ठेवू नकोस, कारण तिच्या वासाने आलेले उंदीर वायरिंगही कुरतडतात.

आता तारखा. चालायचे दिवस मी भरती-ओहोटी पाहून ठरवले आहेत. आपल्याकडे कोळी सांगतात तो हिशोब तुला ठाऊक असेल : तिथीच्या पाऊणपट जो आकडा येतो, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्याआधी सव्वासहा तास, पावणेनऊला पूर्ण ओहोटी. मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया ते पंचमी हे चार दिवस घेतले तर ओहोटी पहिल्या दिवशी सव्वासातला आणि चौथ्या दिवशी साडेनऊला येते. ओहोटीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन तास पुळण रुंद आणि टणक असते. नेमके तेव्हाच ऊनही कोवळे असते. अर्धा तास इकडेतिकडे होईल, म्हणून रोज रात्री मुक्कामाच्या गावी एकदा विचारून घेऊ.

यामुळे प्रतिपदेलाच संध्याकाळच्या एसटीने केळशीत पोहोचून तिथे मुक्काम करावा लागेल. पुढे आडे आणि पाडले करून आंजर्ले. दुसऱ्या दिवशी खाडीवरच्या पुलाने हर्णै आणि तिथून मुरूड. तिसऱ्या दिवशी कर्दे, लाडघर, बुरोंडी. चौथ्या दिवशी कोळथरे आणि दाभोळ. हर्णैला सुवर्णदुर्ग समोर दिसेल, पण होडीने किल्ल्यात जाण्याचा मोह या खेपेला आवर, नाहीतर मुरूडला पोहोचेपर्यंत अंधार होईल. मुरूड हे महर्षी कर्व्यांचे गाव. परीक्षेसाठी ते इथून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते, त्यामानाने आपली चाल फार थोडी आहे.

मी गेल्या आठवड्यात बुरोंडी ते कोळथरे हा भाग पाहून आलो. सड्यावरचे, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरचे, गवत अजून कमरेइतके आहे आणि जुनी पायवाट दोन ठिकाणी त्यात बुडाली आहे. मार्गशीर्षापर्यंत कापणी होऊन ती मोकळी व्हावी, न झाल्यास आपण डांबरी रस्ता धरू. जांभ्याच्या कातळावर फुरसे हा विषारी साप असतो आणि तो मातीच्या रंगात मिसळून जाते, म्हणून घोट्याच्या वर येणारे बूट घाल, हातात काठी ठेव आणि दगडी गडग्यावर (कुंपणावर) न पाहता हात टेकू नकोस. सड्यावर सावली नाही व पाणीही नाही. प्रत्येकी तीन लिटर पाणी गावातूनच भरून घ्यायचे.

दोन पुळणींच्या मधे जिथे डोंगराचा कडा समुद्रात उतरतो, तिथे खालच्या खडकांवरून वळसा घालण्याचा आग्रह धरू नकोस. खडकांवर शेवाळ असते, कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात, आणि भरती सुरू झाली की मागची वाट बंद होते. मला हे खडक फार आवडतात, तरीही मी तुला घाटी चढूनच नेणार आहे. वाटेतले पऱ्हे, म्हणजे लहान ओढेही ओहोटीलाच ओलांडायचे, तेव्हा पाणी गुडघ्याखाली असते. गाळात पाय रुतेल असे वाटले तर पुलापर्यंत चालत जाऊ.

तुझ्या गुडघ्याचे काय झाले ते कळव, कारण घाटीच्या उतारावर त्याचीच परीक्षा आहे. दुखत असेल तर तिसऱ्या दिवशी बुरोंडीहून एसटीने दापोलीला परतता येईल. मुक्कामाच्या घरांना मला या आठवड्याअखेर निश्चित सांगायचे आहे, तेव्हा उत्तर लवकर पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद