फाईल टेबलावर, हेलियम हवेत

मा. मंत्रीमहोदय,
सादर नमस्कार.

गेल्या मंगळवारी दुपारी आमच्या प्रयोगशाळेतल्या एनएमआर यंत्राचं, म्हणजे रेणूंची रचना तपासणाऱ्या यंत्राचं, चुंबक बंद पडलं. त्याला थंड ठेवणारा आतला द्रवरूप हेलियम तळाला गेला होता. उरलासुरला फुस्सकन पांढरा ढग होऊन छताला भिडला आणि आम्ही श्वास कोंडायच्या भीतीने बाहेर पळालो. आत राहिल्या माझ्या नमुन्यांच्या बावीस काचनळ्या.

द्रवरूप हेलियम उणे 269 अंशांवर सांभाळावा लागतो. तो कारखान्यात तयार होत नाही, नैसर्गिक वायूबरोबर जमिनीतून निघतो, तोही अमेरिका, कतार अशा मोजक्याच देशांत. 2017 मध्ये शेजारी देशांनी कतारची कोंडी केली, 2022 मध्ये रशियातल्या नव्या प्रकल्पात स्फोट झाला आणि जगभरच्या प्रयोगशाळा अडल्या. ही टंचाई तुम्ही दूर करा, असं माझं म्हणणं नाही. पण आमची हेलियमची मागणी फेब्रुवारीतच गेली होती. पुरवठादाराचा दर पंधरा दिवस टिकतो, सही यायला साडेचार महिने लागतात. तीनदा नवा दर मागवला, तीनदा फाईल पहिल्या टेबलावर परत आली. "निधी कमी पडू देणार नाही," हा शब्द तुम्ही इथे कोल्हापुरात येऊन दिला होता. टाळ्या मीही वाजवल्या होत्या.

मी तासिका तत्त्वावर शिकवते. मे महिन्यात तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. आधीचे थकलेत. त्यातूनच आता नमुने कुरिअरने पुण्याला पाठवायचे. आई विचारते, "पीएचडी कधी हुणार गं?" मी चौतीस वर्षांची आहे. तिला हेलियम कसा समजावू?

कोठारी आयोगाने 1966 मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च करा म्हणून सांगितलं. 2020 च्या धोरणात तोच आकडा पुन्हा लिहिला गेला. मधल्या काळात आमचे गुरुजी निवृत्त झाले, त्यांच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. याच गावात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, एका संस्थानाच्या तिजोरीतून. तुमच्याकडे अख्खं राज्य आहे.

उडणारा हेलियम गोळा करून पुन्हा द्रवरूप करता येतो. तसं एक यंत्र पश्चिम महाराष्ट्रातल्या सगळ्या महाविद्यालयांना मिळून द्या. खरेदीची सही विभागप्रमुखाच्या हातात द्या.

सोमवारी फाईल चौथ्यांदा टाकली आहे. या वेळचा दर बारा तारखेपर्यंत आहे.

आपली,
कोल्हापुरातली एक संशोधक विद्यार्थिनी