वीजबिल कपाटातच राहू दे

गडहिंग्लज,
गुरुवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलता आलं नसतं. बाबांना ऐकू कमी येतं म्हणून तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि शेजारी संदीप नाहीतर स्नेहल असतेच. म्हणून लिहिते. आई, तूच वाचून दाखव. सावकाश वाच, आणि मधलं काही गाळू नको.

संदीपचा परवा फोन आला होता. विचारायला केला नव्हता, शिक्षिका बहिणीच्या तोंडून 'चालतंय की' एवढं वदवून घ्यायचं होतं त्याला. शंभूचा आरटीईचा अर्ज, म्हणजे खाजगी शाळेतल्या २५ टक्के मोफत जागांसाठीचा, शिवाजी पेठेजवळची ती इंग्लिश मीडियम शाळा. आपण ओबीसीत, त्यामुळे एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाच्या दाखल्याची भानगड नाही. अडचण पाचगावची. सोडतीत आधी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतली पोरं, मग एक ते तीनमधली. संदीपचा पाचगावचा फ्लॅट त्याच्याही पलीकडं जातो. म्हणून बाबांनी त्याला पेठेतल्या आपल्या मागच्या खोलीचा भाडेकरार करून द्यायचा, नोंदणी करून, अकरा महिन्यांचा. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच येतो म्हणे. बाप घरमालक आणि पोरगा भाडेकरू! आत्या असती तर पदर तोंडाला लावून हसली असती.

हे सगळं ऐकून मी कदाचित गप्प बसले असते. पण फोन ठेवायच्या आधी शंभू आला. "आत्या, पत्ता म्हणून दाखवू?" आणि एका दमात म्हणाला, घर नंबराचे चारही आकडे, ए वॉर्ड, शिवाजी पेठ, कोल्हापूर. मी म्हटलं, शाब्बास, आणि झोपतोस कुठं रे तू? पोरगं गप्प. मागनं स्नेहलचा आवाज, "सांग की, आज्जीकडं म्हणून."

तोच घर नंबर, बाबा. चालसुद्धा तीच, शेवटच्या आकड्यावर जरा थांबायचं आणि मग वॉर्ड. मला तो १९८९ च्या मे महिन्यात वडणग्याच्या सोप्यात बसवून पाठ करून घेतला होता. तेव्हा ते आत्याचं घर होतं. आत्यानं हनुवटी धरून सांगितलेलं अजून आठवतं, "कुणीबी विचारू दे, शिवाजी पेठ म्हनायचं. वडनगं तोंडातनं काढायचं न्हाई." तुम्ही २००३ साली तिच्याकडून मागच्या दोन खोल्या घेतल्या आणि तो पत्ता आपला खराच झाला. पण तोवर माझी शाळा संपून डी.एड.सुद्धा होत आलं होतं.

एक गोष्ट मी तुम्हाला कधीच सांगितली नाही. १९८९ च्याच जुलैत पंचगंगेला पूर आला. वडणग्याचा रस्ता पाण्याखाली, शिवाजी पुलापर्यंत पोचायची सोय नाही. मी आठ दिवस घरी. तुम्हाला वाटलं, पूर म्हटल्यावर शाळाही समजून घेईल. पण शाळेच्या लेखी मी पेठेतली होते, चालत दहा मिनिटांवरची. पेठेतली बाकीची सगळी पोरं रोज येत होती. नवव्या दिवशी बाईंनी विचारलं, "काय गं, पेठेत पूर आला होय?" वर्ग हसला. मी म्हटलं, ताप होता. बाईंनी कपाळाला हात लावला, बराच वेळ ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "बरं. पुढच्या पावसाळ्यात ताप यायच्या आधीच आत्याकडं येऊन रहा."

त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पुढच्या जूनपासून मी हट्ट करून दर पावसाळ्यात आत्याकडं राहायला लागले आणि आई, तुला वाटायचं मला आत्याच्या हातची आमटी आवडते. आमटी तिची तिखटजाळ असायची. तुझी आठवण येऊन मी रात्री रडायचे. आत्या समजायची तिखट लागलं.

रागावू नका. बाबा, तुम्ही मला सायकलच्या नळीवर टॉवेल गुंडाळून त्यावर बसवून पुलावरनं न्यायचा. चढ लागला की तुम्हाला धाप लागायची आणि धाप लपवायला तुम्ही गोष्ट सांगायचा. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोर शाळेत न घालणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. "तो रुपाया वाचवायला तुला घेऊन चाललोय बघ." मी रोज हसायचे. त्या नळीवर बसून गेले म्हणून आज मास्तरीण आहे, असं मी पाहुण्यांत सांगते. खरं तर त्यावरही माझा आता तेवढा विश्वास नाही. आपल्या गल्लीतली सुमी वडणग्याच्याच शाळेत शिकली आणि माझ्याआधी नोकरीला लागली. तिच्या वाढदिवसाला तिच्या वर्गातल्या सगळ्या पोरी घरी यायच्या. माझ्या वाढदिवसाला वर्गातलं कुणी आलं नाही. बोलवायचं कुठं?

आता दुसरी बाजू. तीही तुम्हाला सांगितली नव्हती. मागं एकदा आरटीईच्या पडताळणीत घरं बघायला जायचं काम माझ्याकडं आलं. गाव सांगत नाही. एका घरी आजीनं दार उघडलं. "हितंच ऱ्हात्यात की, कामावर गेल्यात दोघंबी." मी आत बसले. दारात लहान चप्पल नाही, भिंतीवर पेन्सिलीची एक रेघ नाही, दोरीवर पोराचा एक कपडा नाही. म्हातारीनं पाणी दिलं तेव्हा तांब्या तिच्या हातात थरथरत होता. ती माझ्याकडं बघतच नव्हती. मी अर्जावर खरं ते लिहिलं, 'दिलेल्या पत्त्यावर राहत असल्याचे आढळले नाही.' लिहायलाच हवं होतं, कारण प्रतीक्षा यादीत खाली जे पोर होतं ते शाळेच्या मागच्याच गल्लीतलं होतं. त्याच्या आईबापानं फुगवून काही लिहिलं नव्हतं, तरी ते खाली होतं.

पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही. माझ्या बाईंनी कपाळावर हात ठेवला होता आणि मी पेन चालवलं. बाईंनी बरोबर केलं की मी, हे मला आजही नीट सांगता येत नाही. एवढं मात्र कळतं, की त्या दारात उद्या आई तू उभी असशील. तांब्या तुझ्या हातात असेल.

संदीप म्हणतो, सगळेच करतात, नकाशावरची खूणसुद्धा लोक शाळेच्या दारात नेऊन ठेवतात. ठेवतात, मला माहीत आहे. जागा मोजक्या आहेत आणि त्यासुद्धा जाता जाता वाचल्या. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट, असा बदल सरकारनं २०२४ मध्ये आणला होता. त्याच वर्षी जुलैत उच्च न्यायालयानं तो रद्द केला. नागपुरात २०२४ मध्येच खोटी कागदपत्रं देणाऱ्या पालकांवर गुन्हे दाखल झाले. अमेरिकेत, ओहायो राज्यात, एका आईनं मुलींच्या शाळेसाठी आपल्या वडिलांचा पत्ता दिला होता. २०११ मध्ये तिला नऊ दिवस तुरुंगात काढावे लागले, आणि त्या म्हाताऱ्या वडिलांवरही आरोप ठेवले होते. शिक्षा फार झाली म्हणून तिथं पुष्कळ ओरड झाली, शेवटी गव्हर्नरनं तिचे गुन्हे सौम्य करून दिले. इथं तसं होईल असं मी म्हणत नाही. पण करारावर अंगठा बाबांचा उठणार आहे, संदीपचा एकट्याचा नाही. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कशाला?

संदीपचं मन मला कळत नाही असं नाही. दिवसभर दुसऱ्याच्या दुकानात उभा राहतो. आपल्यासारखं पोराचं होऊ नये एवढंच त्याला वाटतं, आणि 'इंग्लिश' म्हटलं की त्याला सगळं सुटल्यासारखं वाटतं. पण माझ्या शाळेचा पट आता सतरावर आलाय, तोही असाच. गावातली निम्मी पोरं कागदावर शहरात मामाकडं नाहीतर काकाकडं राहतात आणि पहाटे सहाच्या वडापच्या जीपनं जातात. पट कमी झाला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची संख्या ठरवताना, शिक्षक कमी होतात, मग उरलेली पोरंही जातात. हे संदीपला सांगितलं तर म्हणतो, ताई तुला तुझ्या नोकरीचं पडलंय. पडलंय, खोटं कशाला बोलू.

माझं म्हणणं असं आहे. पाचगावला जरगनगर लागूनच आहे. तिथल्या महापालिकेच्या लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिरात पोराला घालायला गुढीपाडव्याला आईबाप रात्रीपासून रांगेत बसतात. संदीपनं ती रांग लावावी. मी येते त्याच्याबरोबर, थर्मास घेऊन बसू दोघं बहीणभाऊ. आरटीईचा अर्ज भरायचाच तर पाचगावच्या पत्त्यावर भरू दे, लागलं तर लागलं. आणि पेठेतलीच शाळा हवी असेल तर तिघांनी खरोखर मागच्या खोलीत राहायला यावं. फ्लॅट भाड्यानं द्यावा, हप्ता तरी निघेल. स्नेहलला हे पटणार नाही, संडास बाहेर आहे म्हणून. तिचंही बरोबर आहे.

एजंट मंगळवारी येणार असं संदीप म्हणाला. त्याला चहा द्या आणि परत पाठवा. बाबा, वीजबिल आणि घरपट्टीची पावती कपाटातच राहू दे, किल्ली आईकडं द्या. संदीपला मी सांगेन, वाईटपणा माझ्याकडं. मी शनिवारी दुपारच्या एसटीनं येतेय. आईच्या गुडघ्याचं तेल घेऊन येते, गेल्या वेळचं संपलं असेल.

रविवारी शंभूला घेऊन पाचगावला जाणार आहे. फ्लॅट नंबर, मजला, गल्ली, पाचगाव, तालुका करवीर, एवढं त्याच्याकडून पाठ करून घेते.

तुमची,
मनीषा