मनू, गोव्याचं बुकिंग थांबव

पुणे, ७ डिसेंबर

प्रिय मनू,

चिऊच्या लग्नाआधीच्या गोव्यातल्या पार्टीचा तू पाठवलेला तक्ता परवा रात्री दोनदा वाचला. कुठली कुठं उतरणार, कुणाला कुठल्या रंगाचा ड्रेस, शनिवारी सकाळी काय, रात्री काय. बंगळुरात बसून, ऑफिस सांभाळून तू एवढं केलंस. सगळ्यात शेवटी आकडा होता : माणशी २६ हजार, विमान वेगळं. तो बघितल्यापासून तुला काहीतरी सांगायचंय. फोनवर सांगायला गेले तर तू मधेच रडशील किंवा मी, म्हणून लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी तुझ्या बॅचलरेटला आपण गोव्याला गेलो, तेव्हा माझी नोकरी सुटून तिसरा महिना चालू होता. तुम्हाला मी सांगितलं होतं की मीच थोडी सुट्टी घेतली आहे. ते खरं नव्हतं. मी आवर्ती ठेव मोडून पैसे भरले. दुसऱ्या दिवशी जेवायला गेलो तिथं पोट बिघडलंय म्हणून नुसता सोलकढीचा ग्लास घेऊन बसले, आठवतं? पोट ठणठणीत होतं. बिल सगळ्यांत सारखं वाटलं गेलं आणि मी हसत हसत पैसे पाठवले. मनू, मला त्या सहलीचा जराही पश्चात्ताप नाही. तू पाण्यात उभी राहून आम्हा सगळ्यांना हाका मारत होतीस, ते दृश्य मला जन्मभर पुरेल. पण रात्री सगळ्या झोपल्यावर मी मोबाइलवर हिशेब करत जागी होते. चिऊच्या वेळी तसं कुणी जागं राहू नये, एवढंच मला वाटतं.

आणि आत्ता आपल्या नऊ जणींत अशी एक आहे. नाव लिहीत नाही, तूही ओळखायचा प्रयत्न करू नकोस. तिनं तुझ्या तक्त्याला सगळ्यात आधी होकाराचा अंगठा पाठवला, हे मात्र सांगते. नाही म्हणणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे. नवरीवर प्रेम कमी आहे असं दिसेल, ही भीती पैशांच्या भीतीपेक्षा मोठी असते.

मी काल आजीशी केळवणाबद्दल बोलत होते. ती अजून गडगनेर म्हणते. तिच्या लग्नाआधी गल्लीतल्या सात घरी जेवायला बोलावणं होतं. एका घरी श्रीखंड-पुरी, एका घरी जिलबी-मसालेभात, आणि एका घरी फक्त गूळ घातलेल्या शेवया, कारण त्यांचं तेवढंच होतं. ताटाभोवती रांगोळी मात्र सगळीकडे होती. आजीला आज शेवयांचं घर सगळ्यात नीट आठवतं. करणाऱ्यानं आपल्या ऐपतीप्रमाणं करायचं, हे किती सहज होतं बघ. आपण मैत्रिणींनी ते सोडून सगळ्यांची ऐपत एकच धरून चाललोय.

तर माझ्या मनात काय आहे ते ऐक. अलिबाग. पण रिसॉर्ट नाही. नागावला वाडीतलं एक घर आहे, माझ्या ऑफिसातली एक जण मागच्या वर्षी राहून आली. खाली मोठी पडवी, वर दोन खोल्या, आणि घरमालकीण स्वतः रांधून देते. जानेवारीचा तिसरा शनिवार-रविवार. आणि रात्री पोपटी!

तू पोपटी खाल्ली नाहीस, म्हणून सांगते. थंडीत रायगडात वालाच्या शेंगा येतात, तेव्हाच ही होते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा. त्यावर जाडं मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, बटाटे, रताळी, कांदे, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेलं मसाला लावलेलं चिकन, असं थरावर थर. पाण्याचा थेंबही घालायचा नाही, सगळं शेंगांच्या ओलाव्यावर आणि पाल्याच्या वाफेवर शिजतं. वर पुन्हा पाला कोंबून तोंड बंद करायचं, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवायचं. मडक्यावर पाण्याचा हबका मारला की चर्र वाजून पाणी क्षणात उडून जातं, मग झालं समजायचं. त्यानंतर कागदावर ओतून सगळ्यांनी गोल बसून सोलून खायचं. भांबुर्डीचा तो कडसर वास बोटांना दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो. शाकाहारी दोघींसाठी वेगळं मडकं लावायचं, मी विचारून ठेवलंय.

अर्धा-पाऊण तास आगीभोवती बसून वाट बघण्याशिवाय दुसरं कामच नसतं. चिऊला तेच हवंय. तिनं मागच्या आठवड्यात मला काय सांगितलं माहीत आहे? “मला कुठं न्यायचं ते न्या, पण रात्री सगळ्या एका खोलीत, खाली गाद्या टाकून झोपू.” हॉस्टेलसारखं. गोव्याच्या तुझ्या यादीत दोघी-दोघींच्या पाच खोल्या आहेत गं.

हिशेब असा. घराचे १४ हजार, पोपटीचे ४, बाकीच्या जेवणांचे आणि नाश्त्याचे ६, रिक्षांचे २, वरखर्चाला २. एकूण २८ हजार. चिऊकडून घ्यायचे नाहीत, म्हणजे आठ जणींत साडेतीन हजार. हेही जिला जड असेल तिनं फक्त मला सांगावं. जिला जास्त द्यायचे असतील तिनंही फक्त मलाच पाठवावेत. कुणी किती दिले ते ग्रुपवर येणार नाही. तुला चिऊसाठी भरभरून करायचंय ते मला कळतं. तू तिला चुडा भरायच्या दिवशी नेसायची साडी घे ना, तुझी निवड तिला फार आवडते.

मुंबईच्या तिघी गेटवेवरून मांडव्याची बोट घेतील, तिकिटातच पुढं अलिबागपर्यंतची बस असते. तान्हं बाळ घेऊन येणारीनं भाऊच्या धक्क्यावरून रो-रो घ्यावी. गाडी तशीच बोटीत चढते, साधारण तासाभरात पलीकडे, बाळाचं सामान उतरवायला नको. आम्ही पुण्याच्या खोपोली-पेणवरून येऊ. तू आदल्या रात्री माझ्याकडेच उतर.

रविवारी अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला बघायचा माझा हट्ट आहे. ओहोटीला चालत जाता येतं. फक्त वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून ठरवू, कारण ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढं सरकते. भरती चढायच्या आत परत यायचं, रेंगाळायचं नाही. आत आंग्र्यांच्या काळातलं गणपतीचं देऊळ आहे, आणि चारी बाजूंनी समुद्र असून गोड्या पाण्याची विहीर. चिऊला तिथं न्यायचंच.

तिच्या आईशी मी बोलले. काकूंच्या दोन अटी आहेत. ग्रहमखाच्या, म्हणजे लग्नाआधीच्या ग्रहशांतीच्या, आत सगळं आटपायचं, कारण त्यांच्याकडे हळद लागली की नवरीनं गावाची शीव ओलांडायची नाही. आणि घराचं दार आतून नीट लागतं का, ते बघायचं. दुसरी अट ऐकून मी हसले नाही, मनू. त्या पोरीला चोवीस वर्षं त्यांनी एकटीनं सांभाळलंय. मी घरमालकिणीचा नंबर त्यांना दिला, दोघींचं बोलणंही झालं. काकूंनी लगेच मेतकुटाचा डबा द्यायचं कबूल केलं.

तुझ्या तक्त्यातलं अनोळखी माणसाचा नंबर मागण्याचं आव्हान काढून टाक. तुझ्या वेळी ते करताना आपल्यातली धाकटी मागे जाऊन डोळे पुसत होती, मी पाहिलं होतं. त्याऐवजी आठ जणींनी मिळून चिऊसाठी उखाणा रचू. तिला एकही पाठ नाही आणि तिकडच्या बायका घास अडवून बसणार आहेत. ज्यांना थोडी घ्यायची त्यांनी घ्यावी. गाडी चालवणारीनं नाही.

नवऱ्यामुलाची मंडळी गोव्यालाच जाताहेत, मांडवी एक्स्प्रेसनं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, त्यामुळे ते कधीपासून तारखा मोजत बसलेत. माझा भाऊ आहे त्यांच्यात. परवान्याशिवाय तिथून एक बाटलीही महाराष्ट्रात आणू नका, असं त्याला बजावून ठेवलंय.

तुला वाईट वाटलं असेल तर स्पष्ट लिही. दोन वर्षं तुझ्यापासून लपवलं, त्याची बोच मला आहेच. तेव्हा सांगितलं असतं तर तू माझे पैसे भरले असतेस हे माहीत होतं, आणि म्हणूनच सांगवलं नाही.

घराची मालकीण गुरुवारपर्यंत थांबते म्हणाली आहे, नंतर दुसऱ्यांना देईल. तुझं उत्तर आलं की आगाऊ रक्कम भरते आणि भांबुर्डीचा पाला सांगून ठेवते. रात्री समुद्रावरून गार वारं येतं, तुझी ती जाड गोधडी घेऊन ये.

तुझीच,
राणी